भंगारातील पोलाद आणि गावची ऐरण

उसाच्या तोडणीचा हिशेब माणसांवर नव्हे, कोयत्यांवर होतो. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत उचल मांडली जाते तीही कोयत्याच्या नावे. दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव आदी जिल्ह्यांतील जोड्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडात भांड्याकुंड्यांबरोबर दोन-तीन कोयतेही असतात. टनावर मजुरी घेणाऱ्या या मजुराच्या दृष्टीने कोयत्याची धार ही केवळ सोयीची बाब नव्हे. ती त्याची कमाई होय. ज्या कोयत्याला घटकेघटकेला कानस लावावी लागते, तो दिवसाकाठी काही मोळ्या कमी करतो. आणि जो कांड्यावर आपटताच तुकडा उडून जातो, तो प्रसंगी हातापायावरही येतो.

हा कोयता ज्या पोलादाचा घडतो ते पोलाद कोणत्याही कारखान्यातून थेट लोहाराकडे येत नाही. बहुधा ते एखाद्या मोडीत निघालेल्या मालमोटारीच्या कमानपाट्याचे असते. विळा, खुरपे, कुऱ्हाड, कुदळ, वखराची फास, पाथरवटाची छिन्नी या सर्वांचीच गोष्ट थोड्याफार फरकाने अशी आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतला लोहार हा भंगारावर जगणारा कारागीर आहे, आणि त्याच्या मालाची प्रत त्याच्या हाताइतकीच त्याने निवडलेल्या भंगारावर अवलंबून असते. ग्रामोद्योगांच्या चर्चेत भट्टी, पंखा, कर्ज व प्रशिक्षण यांचा विचार पुष्कळ होतो. या कच्च्या मालाचा मात्र क्वचितच होतो.

पूर्वी हा प्रश्न लोहाराचा नव्हता. बलुत्याच्या पद्धतीत लोखंड कुणब्याने आणून द्यावयाचे व घडणावळ लोहाराने करावयाची, असा सर्वसाधारण रिवाज होता. लोखंड खराब निघाले तर तो आणणाराचा दोष ठरे. बलुते मोडले, रोखीचा व्यवहार आला आणि अवजार तयार करून आठवड्याच्या बाजारात मांडण्याची पाळी लोहारावर आली. त्याबरोबर धातू निवडण्याची, त्यासाठी आधी पैसे गुंतवण्याची आणि तो चुकीचा निघाल्यास नुकसान सोसण्याची सारी जोखीमही त्याच्याच अंगावर आली. मोडीतून नवे घडविण्याची परंपरा मात्र केवळ गावच्या भट्टीपुरती नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला नांगर ओतण्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या होत्या. फरक इतकाच, की ओतकाम करणारा सर्व धातू एकदा वितळवून घेतो. लोहाराला तसे करता येत नाही. पाट्यात जे पोलाद आहे तेच कोयत्यात उतरते, आणि म्हणून ते आधी ओळखावे लागते.

लोखंडाची जात

भंगाराच्या ढिगाऱ्यात सारे लोखंड सारखेच गंजलेले दिसते. परंतु त्यांतील कार्बनाचे प्रमाण निरनिराळे असते आणि धार धरण्याचा गुण बव्हंशी त्यावर ठरतो. खिडकीचे गज, अँगल, पत्रा, पाइप, जहाजाची प्लेट ही नरम पोलादाची असतात. त्यांत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ते सहज वाकते, सहज जोडले जाते. पण कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी धार धरण्याइतके कठीण होत नाही. घरबांधणीच्या सळईचेही तेच. सळईवरच्या पिळामुळे ती फार मजबूत असावी असे वाटते खरे. पण त्या सळईचे खुरपे एका हंगामात बोथटून जाते.

मालमोटारीचे व बसचे कमानपाटे यांत सुमारे अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान कार्बन असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम मिसळलेले असते. धार आणि चिवटपणा यांचा इतका चांगला मेळ दुसऱ्या कोणत्याही सहज मिळणाऱ्या भंगारात क्वचितच सापडतो. शिवाय पाटा मुळातच चपटा असतो, त्यामुळे कोयता किंवा सत्तूर घडविताना अर्धे काम आधीच झालेले असते. म्हणूनच कमानपाटा हा लोहाराचा पहिल्या पसंतीचा माल आहे. रेल्वेच्या रुळात कार्बन याहूनही थोडा अधिक असतो. जुन्या कानशीत तो एक टक्क्याच्या वर जातो. तिच्यापासून उत्तम छिन्नी किंवा रंध्याचे पाते होते, पण कुऱ्हाड करू नये, ती दगडाला लागताच तुटेल. बेअरिंगच्या कड्यांतही सुमारे एक टक्का कार्बन व त्याबरोबर क्रोमियम असते. लाकूड-गिरणीच्या पट्टी-करवतीचे तुकडे पातळ असल्याने विळ्याला व खुरप्याला सोयीचे. ट्रॅक्टरच्या अवजारांची झिजलेली पाती आणि थाळ्या अलीकडे बरीच मिळू लागली आहेत आणि त्यांपासून फावडी चांगली होतात.

दोन जातींपासून मात्र दूर राहावे. एक बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असतो. ते घणाखाली पसरत नाही, फुटते. गटाराची झाकणे, जुन्या पंपांचे डबे, चरकाचे लाट बहुधा बिडाचे असतात. दुसरी जात यंत्रशाळेतील ड्रिल व यांत्रिक करवतीच्या पात्यांची. त्यांत टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमसारखे धातू असतात आणि गावच्या भट्टीवर ते घडवणे जवळजवळ अशक्य असते. अशा पात्याला थंड स्थितीतच घासून चाकू करता येतो. तापवून ठोकण्याचा हट्ट धरल्यास पाते आणि श्रम दोन्ही वाया जातात.

ओळखावे कसे

जुन्याजाणत्या लोहाराला पुष्कळदा आवाजावरून व वजनावरून धातू कळतो. पण ज्याला अजून ते कसब आलेले नाही त्याच्यासाठी काही कसोट्या आहेत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

पहिली ठिणगीची कसोटी. तुकडा सहाणेच्या फिरत्या चाकावर हलकेच टेकवावा आणि पडणाऱ्या ठिणग्यांचा झोत काळोख्या जागी पाहावा. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि सरळ जातात, त्यांना फाटे थोडे असतात. कार्बन जसजसा वाढतो तसतसे फाटे वाढतात आणि ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते. बिडाची ठिणगी आखूड व चाकाजवळ तांबूस असते. एकट्या ठिणगीवरून निर्णय करणे अवघड. परंतु ओळखीचा एक कमानपाटा, एक कानस आणि एक खिडकीचा गज असे तीन नमुने चाकाजवळ खिळ्याला टांगून ठेवले आणि अनोळखी तुकड्याची ठिणगी त्यांच्याशी ताडून पाहिली, तर चूक फार कमी होते.

दुसरी कसोटी मोडून पाहण्याची. तुकड्याचे टोक लालभडक तापवून पाण्यात विझवावे आणि ऐरणीच्या कडेवर ठेवून, फडके झाकून, हातोडा मारावा. वाकले तर ते नरम पोलाद. काडकन मोडले तर त्यात कार्बन पुरेसा आहे. मोडलेल्या जागी दाणे बारीक, करड्या रेशमासारखे दिसले तर तापमान योग्य होते असे समजावे. साखरेसारखे जाड व चमकणारे दिसले तर तुकडा जास्त तापला. ही कसोटी करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

कमानपाट्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. पाटा मोडीत निघतो तो बहुधा वर्षानुवर्षे भार सोसून थकल्यामुळे. मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ आणि मोडलेल्या टोकाशी केसासारख्या बारीक भेगा असू शकतात आणि त्या गंजाखाली दिसत नाहीत. अशा भागातून घडविलेला कोयता बाजारात सुबक दिसतो आणि फडात दुभंगतो. यासाठी पाटा घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ थांबावे, मग कोरडा पुसून खडूची पूड चोळावी. भेग असेल तर तिच्यात मुरलेले तेल खडूवर ओली रेघ उमटवते. ती जागा निर्दयपणे कापून टाकावी. दोन इंच वाचवण्याच्या मोहाने पुढे गिऱ्हाईक जाते.

‘पाणी देणे’ या शब्दाविषयी

पोलाद कठीण करण्याच्या क्रियेला आपल्याकडे ‘पाणी देणे’ असे म्हणतात आणि या शब्दाने थोडे नुकसानही केले आहे. जुन्या साध्या कार्बन पोलादाला पाणी मानवत असे. आजच्या कमानपाट्यातील मिश्र पोलाद मात्र पाण्यात एकदम बुडवले तर पुष्कळदा तडकते. त्याला तेल द्यावे लागते. शेंगदाण्यासारखे खाद्यतेल कोमट करून वापरल्यास काम चांगले होते. मोटारीचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून वापरण्याचा प्रघात आहे, पण त्याचा धूर घातक असतो. तेलाचे भांडे लोखंडी असावे आणि त्यावर टाकण्यास झाकण हाताशी असावे. प्लॅस्टिकच्या बादलीत तापलेले पाते बुडवणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

पाते किती तापवावे हे ठरवण्यास लोहचुंबक उपयोगी पडतो. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तापले की चुंबकाला चिकटत नाही; त्याहून आणखी थोडे तापवून मग तेल द्यावे. एवढ्याने पाते काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. म्हणून पुन्हा मंद आचेवर धरून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर त्या वेळी रंग चढत जातात: आधी गवती पिवळा, सुमारे २२० ते २३० अंशांना, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. छिन्नी-पटाशीला पिवळ्यावर थांबवावे, कोयत्याला तपकिरी ते जांभळ्याच्या दरम्यान, आणि ज्याला मार खावा लागतो त्या कुऱ्हाडीला आणखी पुढे. ही विद्या बहुतेक लोहारांच्या घरात आहे. नवे आहे ते पोलाद. आणि विद्या त्या पोलादाला जुळवून घेण्याचा प्रश्न आहे.

जुनी हत्यारे

भट्टी मातीची होते, सांडस व सुंबा लोहार स्वतः करतो. अडचण येते ती ऐरण, शेगडा आणि पंखा यांच्यापाशी. मुंबईतील दारूखान्याचा लोखंड बाजार, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणची भंगाराची आळी या ठिकाणी ही हत्यारे फिरत असतात. बंद पडलेल्या कारखान्यांच्या व यंत्रशाळांच्या सामानातून निघालेली जुनी घडीव ऐरण आजच्या स्वस्त नव्या ऐरणीपेक्षा कितीतरी सरस असू शकते, कारण स्वस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ नव्या ऐरणी निव्वळ बिडाच्या असतात. पारखण्याची रीत सोपी आहे. बेअरिंगची एक पोलादी गोळी हातभर उंचीवरून ऐरणीवर सोडावी. चांगल्या ऐरणीवरून ती टणकन बरीच वर उसळते. बिडावर किंवा नरम लोखंडावर ती जेमतेम उडून पडते. सगळ्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी ही गोळी टाकून पाहावी. एखाद्या ठिकाणी ती अचानक मरगळली तर तेथे वरचा पोलादी थर सुटला आहे असे समजावे. कडा थोड्या झडलेल्या असल्या तरी बिघडत नाही, मध्ये खोलगट झालेली ऐरण मात्र घेऊ नये.

ऐरणीला पर्यायही आहेत. रेल्वेच्या ५२ किलो मापाच्या रुळाचे वजन मीटरला सुमारे ५२ किलो भरते. दीड फुटाचा तुकडा सुमारे २४ किलोंचा झाला. असा तुकडा आडवा टाकून वापरण्याची पद्धत आहे, पण तो आडवा असला की हातोड्याखाली नाचतो. तोच लाकडाच्या ओंडक्यात उभा पुरला तर घाव सबंध वजनावर पडतो आणि लहान तुकडाही मोठ्या ऐरणीसारखे काम देतो. साखर कारखान्याच्या चरकाच्या लाटेवरचे कवच बिडाचे असले, तरी तिचा आस घडीव पोलादाचा असतो. मोडीत निघालेल्या आसाचा हात-दीड हाताचा तुकडा ऐरणीसाठी उत्तम.

शेगडा, म्हणजे व्हाइस, घेताना मळसूत्र पाहावे. जबडे झिजलेले असले तर ते पुन्हा बसवता येतात, झिजलेले मळसूत्र सहसा दुरुस्त होत नाही. पंख्याच्या पेटीचे दाते हाताने फिरवून ऐकावे. जुन्या घणाचे आणि छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरलेले असते. त्या कडा घासून टाकल्याशिवाय हत्यार वापरू नये. तेथून उडालेल्या कपच्यांनी डोळे जातात.

धोक्याचे भंगार

भट्टीत कोणती वस्तू घालू नये हे सांगणे कोणती घालावी हे सांगण्याइतकेच आवश्यक आहे. बंद पोकळी असलेली कोणतीही वस्तू तापवू नये. मोटारीचे शॉक ॲब्सॉर्बर, गॅसची नळकांडी, दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप, न फोडलेले बेअरिंग ही आगीत स्फोट पावतात. नव्या मोटारींच्या भंगारात हवेच्या पिशव्यांचे छोटे स्फोटक डबेही येऊ लागले आहेत. लष्करी गोळीबार मैदानांच्या परिसरात सापडणारी गोळ्यांची कवचे रिकामी दिसली तरी उचलू नयेत. त्यांची खबर पोलिसांना द्यावी.

जस्ताचा मुलामा चढवलेले लोखंड हा दुसरा धोका, आणि गावात तो सर्वांत जवळचा आहे. हातपंपाचे पाइप व दांडे बहुधा जस्त चढवलेले असतात. (ज्या हातपंपाने देशभर गावे ओलावली तो ‘इंडिया मार्क दोन’ हा जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवातून पुढे आला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट, पण त्याचे दांडे भट्टीसाठी नाहीत.) जस्त तापले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. मळमळते, अंग ठणकते. लोक तो हिवताप समजून सोसतात. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, परंतु धूर फार गेला तर जिवावर बेतू शकते. जुन्या पुलांच्या व टाक्यांच्या लोखंडावरील शेंदरी रंगात कित्येकदा शिसे असते. त्याचा परिणाम ताबडतोब दिसत नाही आणि भट्टीभोवती खेळणाऱ्या मुलांना तो अधिक बाधतो.

या संदर्भात २०१० सालची दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातील घटना शासकीय व शैक्षणिक कार्यालयांनी विसरू नये. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून वापरात नसलेले एक उपकरण लिलावात विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. भंगार बाजारात ते फोडले गेले, अनेकजण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. वस्तू विकणाऱ्यांना ती काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि फोडणाऱ्यांना ते कळण्याचा मार्गच नव्हता. निर्लेखनाच्या यादीत ‘जुने यंत्र, एक नग’ एवढेच लिहिण्याची सवय कोठवर जाऊ शकते याचे हे उदाहरण आहे.

पावतीचे महत्त्व

भंगाराच्या धंद्यात चोरीचा माल मिसळलेला असतो, आणि पकडला जातो तो बहुधा शेवटचा माणूस. रुळाचा तुकडा, रेल्वेच्या चाव्या व पट्ट्या यांबाबत रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, १९६६ लागू होतो. संशयास्पद रेल्वे मालमत्ता ज्याच्या ताब्यात सापडेल त्याने ती कायदेशीर मार्गाने मिळाल्याचे स्वतः सिद्ध करावयाचे असते. न केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वीजवाहिन्यांच्या सामानाविषयी विद्युत अधिनियम, २००३ मध्ये स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. वर रुळाच्या ऐरणीची शिफारस केली आहे, ती रेल्वेच्या लिलावातून निघालेल्या आणि पावती असलेल्या तुकड्याची. अनेक लोहारांकडे वडिलोपार्जित रुळाचा तुकडा असतो आणि त्याची पावती कोणाकडेच नसते. नव्याने घेणाऱ्याने तरी विक्रेत्याचे नाव, वजन व तारीख असलेले बिल घेतल्याखेरीज तो माल उचलू नये. एका वहीत भंगाराची आवक लिहून ठेवली तर कर्जासाठी धंद्याचा पुरावा म्हणूनही ती पुढे कामी येते.

भंगार कोठे जाते

शासकीय व निमशासकीय संस्थांचे भंगार लिलावाने विकले जाते; १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसी या केंद्रीय कंपनीच्या संगणकीय लिलावाचा वापर त्यासाठी मोठ्या प्रमाणावर होतो. पद्धत पारदर्शक आहे, पण तिचे एकक टन आहे. वर्षाला काहीशे किलो पाटे लागणाऱ्या लोहाराला अनामत भरून अशा लिलावात उतरता येत नाही. ढीग मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि तेथून बराचसा वितळवण्याच्या भट्ट्यांकडे. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळई करण्याचा मोठा उद्योग आहे आणि राज्याच्या बांधकामाला त्याची गरजही आहे. तथापि, धार धरणारे कमानपाट्याचे पोलाद व खिडकीचा गज एकाच कढईत वितळून सळई होतात, तेव्हा त्या पाट्यातील खास गुण नाहीसा होतो. लोहाराला तोच पाटा किरकोळ भंगारवाल्याकडून ‘निवडीचा माल’ म्हणून चढ्या दराने घ्यावा लागतो. महामार्गांवर पाटे बदलून देणारी दुकाने हा त्याचा दुसरा आधार.

ही साखळी आता बदलत आहे. वाहने मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांची नियमावली २०२१ मध्ये आली, आणि १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. ही वाहने अशा केंद्रांतच जावयाची आहेत. म्हणजे पाट्यांचा साठा रस्त्याकडेच्या भंगारवाल्याकडून या केंद्रांकडे सरकेल. जिल्हा उद्योग केंद्रे व ग्रामोद्योगाची यंत्रणा यांनी अशा केंद्रांशी बोलून कमानपाटे वेगळे काढून लहान वजनात विकण्याची व्यवस्था केली, आणि चार-पाच गावांच्या लोहारांनी मिळून एकत्र खरेदी केली, तर हा माल भट्टीपर्यंत रास्त दरात पोहोचू शकेल. त्यासाठी नवी योजना लागत नाही, पत्रव्यवहार लागतो.

ग्रामपंचायतींच्या व शाळांच्या जडसंग्रह नोंदवहीतही वर्षानुवर्षे पडून असलेल्या लोखंडी वस्तू असतात: मोडके बाक, दरवाजे, ट्रॅक्टरची अवजारे. यांतील बाक व दरवाजे नरम लोखंडाचे. त्यांपासून धारेची अवजारे होणार नाहीत, पण मुठीची कडी, बिजागऱ्या, कुळवाचे जोड होतात. निर्लेखनाचे नियम पाळून लिलाव करताना सबंध ढिगाचा एकच लिलाव न पुकारता प्रकारवार लहान भाग केले, तर गावचा लोहारही बोली बोलू शकतो, आणि पंचायतीला भावही बहुधा बरा येतो.

नोंदणी कोणाची होते

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ व्यवसायांत लोहार तसेच हातोडा व अवजार संच बनविणारे यांचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. पंधरा हजारांत ऐरणीसह सारे नवे साहित्य बसवणे कठीण असल्याने, ऐरण व शेगडा जुन्या बाजारातून पारखून घेणे आणि मदत पंखा व सहाणेच्या यंत्राकडे वळवणे शक्य असेल तेथे अधिक शहाणपणाचे ठरेल. अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते, त्यामुळे गावात भट्टी खरोखर कोणाची पेटते हे ठाऊक असलेल्या सदस्यांवर येथे मोठी जबाबदारी आहे.

ती जबाबदारी सर्वांत अवघड होते ती घिसाडी कुटुंबांच्या बाबतीत. महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणला गेलेला हा समाज पेरणीपूर्वीच्या दिवसांत रस्त्याकडेला पाल ठोकतो आणि गावोगावची अवजारे शेवटून देतो. त्यांची भट्टी जमिनीतल्या खड्ड्यात आणि ऐरण गाडीत असते. ज्या गावात काम चालते तेथे त्यांचा पत्ता नसतो, आणि शिधापत्रिका असते त्या गावी पडताळणीच्या दिवशी ते हजर नसतात. पंचायतीने त्यांच्या मूळ गावच्या ग्रामसेवकाशी संपर्क साधून काम पाहिल्याचा लेखी दाखला दिला, तर हा पेच पुष्कळ ठिकाणी सुटू शकेल. आणखी एक बाब अशी, की योजनेचा लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो, आणि अर्ज सहसा पुरुषाच्या नावे भरला जातो. घिसाड्यांच्या पालाशी थांबून पाहिले तर सांडशीत लाल पाटा धरून बसलेला पुरुष दिसतो, आणि उभे राहून त्यावर घण घालणारी बहुधा त्याची बायको असते.